सातव्या किल्ल्यातला अनी

असे किस्से कुणी जमवायला बसत नाही. लतीफभाईंच्या बंद दुकानाच्या कोपऱ्यात तुटक्या जाळ्यांचा ढीग आहे, तसे ते साठतात. कुणी मुद्दाम टाकत नाही, कुणी उचलतही नाही, आणि एक दिवस बघावं तर बसायला जागा नाही!

हे सांगावं की नाही, याची मला अजून शंका आहे. रसायनशास्त्रातली पीएच.डी., एकतीस वर्षं कॉलेजात शिकवणं, त्यातली नऊ उपप्राचार्य म्हणून, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोबाईलवर पोरांचा जुना व्हिडिओ गेम. पण दाजी म्हणाला, "सर, तुमी नाय सांगलास तर मी सांगतलंय. आणि मी सांगलंय तर तुमका जास्त लाज वाटतली!"

म्हणून मीच सांगतो.

आम्ही तिघं. लतीफभाई, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेला, मग मालवणच्या बाजारात जाळी आणि दोरांचं दुकान. दुकान बंद झालं, पण सवय गेली नाही. रोज नऊ वाजता ते अर्धं शटर वर करतात आणि दुपारच्या नमाजापर्यंत आत बसतात. दुसरा दाजी, एसटीचा ड्रायव्हर, मालवण-कुडाळ रस्त्यावरचं प्रत्येक वळण त्याच्या मनगटात आहे. तिसरा मी. माझ्या मनगटात काही नाही.

*

आधी हा गेम आमच्यात आला कसा ते सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

माझा मुलगा अनिरुद्ध, घरचा अनी, दहावीत होता. लतीफभाईंनी बोटीवरून येताना त्याच्यासाठी हातात मावणारा एक राखाडी गेम आणला. त्यात एक कंदीलवाला वीर असतो. त्याने बारा किल्ले पार करायचे. परीक्षेला तीन महिने राहिले होते. एका संध्याकाळी मी तो गेम अनीच्या हातातून काढून घेतला आणि कपाटात ठेवला. तो काहीतरी म्हणत होता, मी पुरतं ऐकून घेतलं नाही. "परीक्षा झाली की देतो," म्हणालो.

दहावीनंतर अकरावी आली. मग बारावी. मग प्रवेशपरीक्षा. मग तो हॉस्टेलला गेला. गेम त्याने पुन्हा कधीच मागितला नाही. मला तो त्याचा समंजसपणा वाटला. स्टाफरूममध्ये मी कौतुकाने सांगत असे!

आता तो बडोद्याला असतो. दर रविवारी सव्वादहाला फोन. "बरे आहात?" "बरा आहे." "आईला द्या." माझ्या वाट्याला साधारण चाळीस सेकंद येतात. मी मोजली आहेत. प्रयोगशाळेतल्या माणसाची मोजण्याची खोड जात नाही.

गेल्या गणपतीनंतर कपाट आवरताना तो गेम सापडला. आतले सेल गळून पांढरा थर धरला होता. पोटॅशियम कार्बोनेट. ते मात्र मी लगेच ओळखलं!

कुडाळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण अशा जुन्या वस्तूंचा शौकीन आहे. त्याने गेमची कॅसेट उघडून पाहिली आणि म्हणाला, "सर, यंत्र गेलं. पण कॅसेटच्या आतली छोटी बॅटरी अजून जिवंत आहे. तुमच्या मुलाने खेळ सोडला तिथली नोंद, म्हणजे सेव्ह, यात आहे." त्याने तो गेम सेव्हसकट माझ्या फोनवर घेतला आणि एम्युलेटर नावाचं काहीतरी घालून दिलं. "हा प्रोग्रॅम जुन्या यंत्राचं सोंग घेतो. गेमला वाटतं आपण अजून त्याच डब्यात आहोत."

दाजी सोबत होता. तो म्हणाला, "म्हणजे दशावतारातलो राजा! सकाळी दुकानात मीठ तोलता, रात्री मुकुट घालून गर्जता."

पडद्यावर एक नाव आलं. इंग्रजीत तीन अक्षरं. ए, एन, आय. खाली लिहिलं होतं, किल्ला सातवा.

कुडाळच्या त्या दुकानात मला जे वाटलं ते मला नीट सांगता येत नाही, आणि जे वाटलं ते खरं होतं की मी ते ओढूनताणून वाटून घेतलं, तेही सांगता येत नाही. एवढं ठरवलं, की फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेला अनी येतो तोवर या वीराला सातव्या किल्ल्यातून बाराव्याच्या दारात नेऊन उभा करायचा. शेवटची लढाई अनीने करायची. बापलेकांना चाळीस सेकंदांपेक्षा जास्त बोलायला एक तरी विषय होईल.

पाच महिने हातात होते.

*

दुसऱ्या दिवशी मी लतीफभाईंना फोन दाखवला. मला वाटलं, हरखतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा बघितला, मग मला बघितलं.

"सर, ह्यो तोच गेम?"

"तोच."

"मी तो पोराक खेळूक हाडलेलो," ते म्हणाले. "तुमच्या कपाटाक नाय."

त्या दिवशी खेळ झाला नाही. चहा मात्र त्यांनी पाजला, आणि माझ्या चहात साखर घालायला विसरले. विसरले असं मी म्हणतो.

*

काचेवर बटणं नसतात. म्हणजे दिसतात, पण अंगठ्याला लागत नाहीत. उजवीकडे दाबावं तर अंगठा घसरून भलतीकडेच जातो आणि वीर स्वतःहून भाल्यावर जाऊन पडतो. लतीफभाईंचे अंगठे तर इंजिनाच्या वाफेने कधीच भाजून बधिर झालेले. पहिले पंधरा दिवस आमचा वीर शत्रूच्या हातून एकदाही मेला नाही. प्रत्येक वेळी आमच्याच.

उपाय दाजीने काढला. त्याने बायकोच्या पाकिटातली टिकली आणून काचेवरच्या बटणाच्या जागी चिकटवली. अंगठ्याला टिकलीचा उंचवटा लागतो! एकूण सहा टिकल्या लागतात. त्या निघतात, हरवतात, चहात पडतात. दाजीच्या घरचं पाकीट संपलं तशी मी आमच्या घरचं आणलं.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा बायका बसलेल्या. कुंदाने, माझ्या बायकोने, वाण द्यायला डबा उघडला, तर टिकल्यांची चारही पाकिटं रिकामी!

"आयकलात काय?" तिने आतून हाक मारली. "टिकल्यो खंय गेल्यो?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या काकू म्हणाल्या, "सरांच्या मोबाईलाक लावलेल्यो असत. बाजारात सगळ्यांका म्हायती आसा."

पंधरा बायका हसल्या. कुंदा हसली नाही. त्या गेल्यावर ताटं आवरताना ती म्हणाली, "त्या पुतळ्याक चार म्हयने चालवतास. त्यापरीस झीलाक, अनीक, एकदा सरळ फोन लावूक काय होता?"

मी म्हणालो, "लावून काय बोलू?"

तिने ताटं जरा जोरात ठेवली.

*

तरी एका रविवारी मी प्रयत्न केला. व्हिडिओ कॉल होता. टिकल्या काढायला वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे चिरंजीवांच्या कपाळावर एक लाल आणि दोन्ही गालांवर एकेक चंदेरी अशा तीन टिकल्या दिसत होत्या. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, दाढी पिकत आलेली, आणि हा साज! मला हसू येत होतं आणि हसण्याचं कारण सांगता येत नव्हतं.

"बरे आहात?"

"बरा आहे. अरे, तुला तो गेम आठवतो का? राखाडी रंगाचा. लतीफभाईंनी आणलेला."

त्याने दाढीवरून हात फिरवला.

"हं."

"तो सापडला."

"सेल काढून ठेवले होते का?" त्याने विचारलं. "नाहीतर गळतात."

"नाही," मी म्हणालो.

"हं. आईला द्या."

एक मिनिट पाच सेकंद. विक्रम!

*

एम्युलेटरमध्ये एक सोय आहे. खेळ कुठल्याही क्षणी जसाच्या तसा गोठवून ठेवायचा. पुढे मेलात की त्या क्षणापासून पुन्हा सुरू. मूळ यंत्रात हे नव्हतं, तिथे किल्ल्याच्या दाराशी पोचलात तरच नोंद करता येई. लतीफभाई या गोठवण्याला 'नांगर टाकणं' म्हणतात. "सर, पाणी बरा नाय. नांगर टाका!" की मी टाकायचा. अनीची जुनी सेव्ह वेगळी होती; दाराशी नवी नोंद केली तर ती पुसली गेली असती, म्हणून आम्ही फक्त नांगरच टाकायचो. तिला हात लावायचा नाही, हा माझा नियम.

सातव्या किल्ल्यातला पूल आम्ही असाच पार केला. त्या पुलावर पाऊल ठेवलं की फळी नाहीशी होते. प्रत्येक फळीवर नांगर टाकत, पडत, उठत एकोणीस दिवस लागले. दाजी म्हणाला, यूट्यूबवर बघूया. मी नाही म्हणालो. ती कॉपी झाली असती. फळीफळीवर नांगर टाकणं कॉपी का नाही, ते त्याने विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता मूळ गोष्ट. मला भीती फार वाटते. आयुष्यभर वाटत आली आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी एसटी स्टँडवरून परत आलेला माणूस आहे. त्यामुळे नांगरही मी जरा जास्तच टाकायचो. दोन पावलं, नांगर. जिन्याची एक पायरी, नांगर. दहाव्या किल्ल्यात एक खोल खड्डा होता. मी उडी मारली. उडी मारताच वाटलं, चुकलं तर? आणि त्या घाबरटपणात, वीर हवेत असतानाच मी नांगर टाकला.

उडी आखूड पडली होती.

मग काय! गेम सुरू करायचा, की वीर खड्ड्यावर हवेत. अर्ध्या सेकंदात खाली. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा हवेत, पुन्हा खाली. डावीकडे दाबून पाहिलं, उजवीकडे दाबून पाहिलं. लतीफभाईंनी पाहिलं, दाजीने पाहिलं. चाळीस वेळा आम्ही तिघांनी त्याला पडताना पाहिलं. आधीचा नांगर शिल्लक नव्हता, कारण मी प्रत्येक वेळी त्याच जागी नवा टाकत होतो. आठवा, नववा, दहावा, तिन्ही किल्ले गेले. पुन्हा सातव्यापासून.

लतीफभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"चाळीस वर्सां मी बोटीर काढलंय," लतीफभाई शेवटी म्हणाले. "हवेत नांगर टाकणारो माणूस पयल्यांदाच बघलंय!"

*

आठव्या किल्ल्यात एका गुहेत एक म्हातारा बसलेला आहे. पांढरी दाढी, हातात काठी. त्याच्यासमोर उभं राहून बटण दाबलं की तो एक वाक्य बोलतो. इंग्रजीत. त्याचं मराठी असं, की 'सावध राहा. पुढे धोका आहे.'

दाजीला वाटलं, म्हाताऱ्याकडे आणखी काही माहिती असेल. किल्ली कुठे आहे, भुयार कुठलं. म्हणून त्याने पुन्हा दाबलं.

'सावध राहा. पुढे धोका आहे.'

दाजीने त्याच्याभोवती चक्कर मारून मागून दाबलं. कंदील वर करून दाबलं. अकराव्या किल्ल्यातून एकदा मुद्दाम परत येऊन दाबलं. सावध राहा, पुढे धोका आहे.

"मेलो किल्ली देणा नाय, वाट दाखवणा नाय," दाजी वैतागला, "बसून नुसतो उपदेश! ह्याका हंय ठेवलो कोणी?"

मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो गप्प झाला. त्याने गप्प व्हायला नको होतं. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

*

माझा एक विद्यार्थी इथल्या बँकेत मॅनेजर आहे. पेन्शनच्या दाखल्यासाठी मी गेलो होतो. त्याची दहा वर्षांची मुलगी शाळेला सुट्टी म्हणून केबिनमध्ये बसली होती. तो उठून पाया पडला.

"सर, बरं झालं आलात. हिला दोन शब्द सांगा. दिवसभर मोबाईल! तुम्ही गॅदरिंगला आम्हाला सांगितलं होतं ना, व्हिडिओ गेम म्हणजे वेळेला लागलेली वाळवी? मी घरी रोज सांगतो."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते माझंच असणार, एवढं वाईट वाक्य मीच केलं असणार.

मी दोन शब्द सांगायला लागलो. वाचन, एकाग्रता, मैदानी खेळ. रोजच्या सरावातले शब्द होते, आपोआप येत होते. आणि माझ्या खिशातून आवाज यायला लागला. टीं, टीं, टीं. वीराचा जीव संपत आला की गेममधून असा बारीक आवाज येतो. बाहेर रांगेत बसून मी खेळत होतो, हाक आली तेव्हा फोन तसाच खिशात घातला होता.

मी आवाज चढवून बोलू लागलो. टीं, टीं, टीं. मॅनेजर एसीकडे बघायला लागला.

मुलीने मान वाकडी करून माझ्या खिशाकडे बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "पॉज करा. मरताय तुम्ही."

दाखला मला त्या दिवशी फार लवकर मिळाला. मॅनेजर दारापर्यंत सोडायला आला, पण पुन्हा पाया पडला नाही.

*

जत्रेच्या आठ दिवस आधी आम्ही बाराव्या किल्ल्याच्या शेवटच्या दरवाज्यापाशी पोचलो. लतीफभाईंनी नांगर टाकला. दाजीने शटर अर्धं वर होतं ते पूर्ण वर केलं, जणू बाजाराने बघावं!

आणि भांडण झालं. दाजीला आत जायचं होतं. "पाच म्हयने अंगठे मोडले. आता राक्षस मारूक नको?"

"तो अनीसाठी आहे," मी म्हणालो.

"एकदा मारूया, मंगे परत नांगराक येऊया. अनीक कळणा पण नाय!"

"मला कळेल."

लतीफभाईंनी दाजीच्या हातातून फोन काढून घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "दाजी, ह्यो राक्षस आपलो न्हय," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "पण सर, एक विचारतंय. राक्षस मारूचो आसा, ह्या त्या पोराक विचारलास?"

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, आनंदच होईल त्याला.

लतीफभाई दुपारच्या, जोहरच्या नमाजाला उठले. शटर त्यांनी माझ्यासाठी उघडंच ठेवलं. तिथे एकटं बसून मी हिशेब करत राहिलो, की आजवर मी अनीला 'आनंद होईल' म्हणून काय काय दिलं. लॉगॅरिदमची पुस्तिका. मायक्रोस्कोप. इंजिनिअरिंगचा फॉर्म, भरून. त्याला आनंद झाला का, हे कुठल्याही वेळी बघायचं राहून गेलं होतं.

*

आता शेवटचं.

अनी आला. पहिला दिवस आईशी बोलण्यात आणि झोपण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दर्शनाला निघालो. मसुऱ्यापासूनच गाड्या अडल्या होत्या, शेवटचा टप्पा चालत गेलो. कुंदा बायकांबरोबर पुढे गेली. बांबूच्या रांगेत मी, माझ्यापुढे अनी, आणि माझ्यामागे दाजी. दाजी जत्रा चुकवत नाही, आणि या वेळी तर तो चुकवणारच नव्हता.

रांग चार तासांची होती. पहिला तास आम्ही गर्दीबद्दल बोललो. दुसऱ्या तासात बोलायला गर्दीही उरली नाही. मागून दाजी माझ्या पाठीत बोट खुपसत होता. "काढा! काढा आता!"

मी फोन काढला. उन्हामुळे पडदा नीट दिसेना, म्हणून मी त्यावर टोपीची सावली धरली.

"हे बघ," मी म्हणालो. "तुझा आहे. तुझंच नाव आहे. आम्ही त्याला बाराव्यापर्यंत आणलाय. शेवटचा दरवाजा तुझ्यासाठी ठेवलाय."

अनीने फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. मग नखाने काचेवरची एक टिकली काढली. मग दुसरी. सहाही टिकल्या काढून त्याने समोरच्या बांबूवर ओळीने चिकटवल्या. रांग दोन पावलं सरकली, आम्ही सरकलो, टिकल्या मागे राहिल्या.

"माझी जुनी सेव्ह आहे?" त्याने विचारलं.

"आहे. हात लावलेला नाही."

त्याने आमचा बारावा किल्ला बंद केला. जुनी सेव्ह उघडली. सातवा किल्ला, नाहीशा होणाऱ्या फळ्यांचा तो पूल, आणि पुलाच्या अलीकडे उभा असलेला त्याचा वीर.

"अरे, थंय कित्याक जातस?" दाजी ओरडला. "म्होरां दरवाजो आसा! राक्षस आसा!"

आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. अनीने मान वर केली नाही. त्याने एक बटण दाबलं आणि वीराच्या हातातला कंदील विझला. पडदा काळा झाला. मला वाटलं, फोन बंद पडला. मी घाबरून हात पुढे केला, त्याने तो कोपराने हळूच बाजूला सारला.

अंधारात त्याचा उजवा अंगठा दाबलेलाच होता. पावलांचा आवाज येत होता. टक, टक, टक. एकही फळी पडली नाही; उजेड नसला की त्या नाहीशा होतच नव्हत्या.

मग पलीकडचं दार उघडलं, थोडा उजेड आला, आणि इंग्रजीत अक्षरं आली, की नोंद झाली आहे.

दाजीने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. एकोणीस दिवस!

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

अनीने फोन बंद केला. माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि खिसा वरून एकदा थोपटला, आतलं काही पडू नये म्हणून थोपटतात तसा.

"एक मिनिट द्या म्हणालो होतो ना, बाबा," तो म्हणाला. "झालं. आता बसतो अभ्यासाला."